गेटवेच्या दरपत्रकातली बारीक अक्षरे

पेमेंट गेटवे म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन दुकानदाराच्या खात्यात पोचवणारी सेवा. तिच्याबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकाच धाटणीच्या पत्रांना एकच उत्तर दिले आहे.

प्रश्न : येवल्यात आमचे पैठणीचे दुकान आहे, आता वेबसाइट काढतोय. साडी सरासरी ९,००० रुपयांची, शिवाय खणाच्या छोट्या पर्स १८० रुपयांना. तीन कंपन्यांचे दर आले आहेत. पहिलीचा सरसकट २ टक्के. दुसरीचा १.७५ टक्के अधिक दर व्यवहाराला ३ रुपये. तिसरीचा १.६ टक्के, पण वर्षाला ६,००० रुपये वेगळे. स्वस्त कोण?

तुम्ही काय विकता त्यावर ते ठरेल. या दरांवर साधारणपणे १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरून हिशेब करू. ९,००० च्या साडीवर पहिली कंपनी २१२ रुपये ४० पैसे कापेल, दुसरी १८९ रुपये ३९ पैसे आणि तिसरी १६९ रुपये ९२ पैसे. हे पाहून तिसरीकडे जावेसे वाटेल. पण तिचे वर्षाचे ६,००० जीएसटीसह ७,०८० होतात. पहिलीच्या तुलनेत ते वसूल व्हायला वर्षाकाठी १५ लाखांची विक्री त्या गेटवेतून व्हायला हवी. पहिल्या वर्षी तेवढी होणार नसेल तर तिसरी महागच.

आता पर्स घ्या. जीएसटी धरला तर पहिलीकडे सव्वाचार रुपये जातात, दुसरीकडे ७ रुपये २६ पैसे, म्हणजे चार टक्क्यांच्या वर. पहिली आणि दुसरी यांची बरोबरी होते १,२०० रुपयांच्या बिलावर. त्याखालच्या प्रत्येक बिलाला ते तीन रुपये बोचणार.

एवढ्यावर सही करू नका. १.६ टक्के कशावर, ते आधी विचारा. बहुतेक दरपत्रकांत वर ठळक छापलेला दर देशी व्हिसा, मास्टरकार्डचा असतो. अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स, कॉर्पोरेट कार्ड, ईएमआय आणि परदेशी कार्ड यांचा दर खाली बारीक अक्षरांत असतो आणि तो ३ टक्क्यांच्या आसपास जातो. पैठणीसारख्या महागड्या वस्तूला ईएमआयची मागणी येणारच, म्हणून ती ओळ तुमच्यासाठी महत्त्वाची.

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे दर व्यवहारामागे दुकानदाराकडून कापले जाणारे शुल्क, शून्य आहे. गेटवे मात्र 'प्लॅटफॉर्म फी' नावाने वेगळी रक्कम लावू शकतो. सेल्समन फोनवर "यूपीआय फ्री" म्हणाला तर तेच वाक्य ईमेलवर मागून घ्या. इतर डेबिट कार्डांच्या एमडीआरवर रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा आहे : वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, त्यापुढे ०.९० टक्के. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. घासाघीस करायची ती तिथे.

आणि साडी परत आली तर? रंग फोटोत वेगळा दिसला म्हणून साड्या परत येतात, हे तुम्हाला सांगायला नको. गिऱ्हाइकाला पूर्ण ९,००० द्यावे लागतात, पण आधी कापलेले २१२ रुपये ४० पैसे बहुतेक गेटवे परत करत नाहीत. परतावे जास्त असतील तर पाव टक्क्याचा फरक त्यात कुठल्या कुठे बुडून जातो. आमच्या मते दर विचारण्याआधी हा प्रश्न विचारावा.

प्रश्न : चिपळूणहून घरगुती मसाले विकते. गेटवेने अर्ज तीनदा परत पाठवला. कारण देतात फक्त 'व्हेरिफिकेशन फेल्ड'. काय चुकतंय?

अशा अर्जांत तीन जागी गाडी अडते.

पहिली, नाव. गेटवे तुमच्या खात्यात एक रुपया टाकून बँकेतले नाव तपासतो आणि पॅनवरच्या नावाशी जुळवतो. पॅन माहेरच्या नावाचे आणि बँक खाते सासरच्या नावाचे असेल तर यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. नवऱ्याच्या खात्याचा कॅन्सल्ड चेक जोडला असेल तरीही हेच होणार. पॅन दुरुस्त करा किंवा बँकेतले नाव बदला, पण दोन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखे ठेवा. धंद्याच्या नावाने करंट अकाउंट असेल तर उद्यम नोंदणीवर तेच नाव हवे. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, मागितला तर घाबरू नका. महाराष्ट्रात कामगार मोजकेच असतील तर नोंदणी प्रमाणपत्राऐवजी नुसती सूचना द्यायची असते आणि तिची पावती मिळते.

दुसरी, वेबसाइट. तपासणारा माणूस खरोखर साइट उघडून बघतो. त्याला मालाची किंमत रुपयांत दिसली पाहिजे, 'लवकरच येत आहे' चालत नाही. संपर्काच्या पानावर पूर्ण पत्ता आणि चालू फोन नंबर हवा. रिफंड, डिलिव्हरी, प्रायव्हसी आणि अटी अशी चार पाने हवीत. दुसऱ्याच्या साइटवरून उतरवलेल्या अटींत त्याच दुकानाचे नाव राहून गेलेले असते, तेवढ्यावरही अर्ज परत येतो.

तिसरी, खाद्यपदार्थ. मसाला विकायचा तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नंबर लागतो. तो अर्जात द्याच, साइटच्या तळाशीही छापा. आणि माल महाराष्ट्राबाहेर पाठवणार असाल तर एक गोष्ट आत्ताच सीएला विचारून घ्या : करपात्र वस्तू परराज्यात विकायची तर उलाढाल कितीही कमी असली तरी साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते.

प्रश्न : आमच्या बँकेचाच गेटवे घ्यावा की नव्या कंपन्यांचा?

बँकेकडे कागदपत्रे जास्त, वेळ जास्त, कधी डिपॉझिटही मागतात; मोठ्या उलाढालीला दर बरा मिळतो. सुरुवातीला पेमेंट अ‍ॅग्रिगेटर, म्हणजे अनेक दुकानांचे पैसे गोळा करून ज्याचे त्याला पोचवणारी कंपनी, सोपा पडतो. तो अधिकृत आहे ना, एवढे मात्र पाहा. मार्च २०२० च्या नियमांपासून बिगरबँक अ‍ॅग्रिगेटरला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते आणि गिऱ्हाइकांचे पैसे त्याला बँकेतल्या एस्क्रो खात्यात वेगळे ठेवावे लागतात. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. जाहिरातीतला ब्रँड त्या यादीत सापडत नसेल तर करारावर कंपनीचे नोंदणीकृत नाव काय आहे ते बघा आणि ते शोधा. तेही नसेल तर पुढे जाऊ नका.

प्रश्न : कोल्हापुरी चपलांची साइट आहे. गिऱ्हाइकाचे पैसे कापले जातात, त्याला मेसेज येतो, पण आमच्याकडे ऑर्डर 'पेंडिंग'. मग गिऱ्हाईक फोनवर शिव्या घालतं. गेटवे बदलावा का?

आधी साइट बनवणाऱ्याला एक प्रश्न विचारा : ऑर्डर पक्की करायला तुम्ही वेबहुक वापरता की नुसता रिडायरेक्ट, म्हणजे पैसे भरून गिऱ्हाईक तुमच्या पानावर परत येणे?

घडते ते असे. गिऱ्हाईक यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन पिन टाकते, टिक्कचा आवाज येतो, की फोन खिशात. ब्राउझरमधले तुमचे पान परत उघडलेच जात नाही. तुमची साइट त्या पानावर अवलंबून असेल तर पैसे आल्याचे तिला कधीच कळत नाही. वेबहुकमध्ये गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट निरोप पाठवतो, मधे गिऱ्हाइकाचा फोन नसतो. तो बसवून घ्या. बसवताना चार गोष्टी तपासायला सांगा. निरोपाची डिजिटल सही पडताळली जाते का, नाहीतर कुणीही खोटा निरोप पाठवून चपला फुकट नेईल. आलेली रक्कम ऑर्डरच्या रकमेशी जुळवली जाते का. तोच निरोप दोनदा आला तर दोन पार्सले निघत नाहीत ना. गेटवेला तुमच्याकडून पोच मिळाली नाही की तो निरोप पुन्हा पाठवतो. आणि दर रात्री पेंडिंग ऑर्डरींची स्थिती गेटवेला विचारून घेणारा छोटा प्रोग्राम आहे का.

कार्डाचे आणखी एक दुखणे आहे. बँकेने रक्कम मंजूर केली, पण तुमच्या बाजूने ती 'कॅप्चर', म्हणजे प्रत्यक्ष वसूल, झाली नाही, तर काही दिवसांनी ती आपोआप गिऱ्हाइकाकडे परत जाते. डॅशबोर्डमध्ये ऑटो-कॅप्चर चालू आहे का बघा. बंद असल्यामुळे माल गेला आणि पैसे परत गेले, असे होऊ शकते.

गिऱ्हाइकाला काय सांगायचे? पैसे कापले गेले आणि दुकानाला निश्चिती पोचली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. यूपीआयचा १२ आकडी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, त्याच्याकडून मागून घ्या, त्यावरून शोध पटकन लागतो. 'स्क्रीनशॉट पाठवा' एवढ्यावर माल देऊ नका. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी अ‍ॅप आहेत.

एवढे करून गेटवे बदललाच, तर नव्या जागी पहिला व्यवहार स्वतःच्या कार्डाने करून पाहा. काही गेटवे रक्कम पैशांत घेतात, काही रुपयांत. १,२५० रुपयांसाठी एकाला १२५००० पाठवायचे, दुसऱ्याला १२५०. जुना कोड तसाच उचलून ठेवला तर चपला साडेबारा रुपयांना विकल्या जातील किंवा सव्वा लाखाचे बिल येईल. पहिल्या प्रकारात गिऱ्हाईक तक्रार करत नाही, त्यामुळे तो उशिरा कळतो.

प्रश्न : तासगावचा बेदाणा ऑनलाइन विकतो. ६,४०० रुपयांची ऑर्डर पोचवली, दीड महिन्याने 'चार्जबॅक' म्हणून तेवढे पैसे परत काढून घेतले. गिऱ्हाइकाने ओटीपी टाकला होता. मग असं कसं होऊ शकतं?

चार्जबॅक म्हणजे गिऱ्हाइकाने आपल्या बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागणे. ओटीपीने एवढेच सिद्ध होते की कार्ड वापरणारा खरा होता. 'हा व्यवहार मी केलाच नाही' अशी तक्रार आली तर ओटीपी झालेल्या व्यवहारात जबाबदारी साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. 'माल मिळाला नाही' किंवा 'वेगळाच माल आला' ही तक्रार वेगळी, तिथे पुरावा दुकानदाराने द्यायचा. आणि दीड महिना म्हणजे काहीच नाही, व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अनेक तक्रारींना १२० दिवसांपर्यंत मुदत असते.

तुमच्या हातात असते ते गेटवेच्या ईमेलमध्ये दिलेल्या तारखेपर्यंतचे दिवस. ती तारीख चुकली की खरी बाजू असूनही केस गेली. म्हणून चार्जबॅकचे ईमेल रोज उघडल्या जाणाऱ्या पत्त्यावर येतील असे करा. साइट बनवणाऱ्या पोराच्या पत्त्यावर नकोत. पुराव्यात लागते ते बिल, कुरिअरचा पोचपावतीचा कागद (सही किंवा डिलिव्हरी ओटीपीसह), पत्ता आणि पिनकोड ऑर्डरशी जुळतो हे दाखवणारे पान, गिऱ्हाइकाशी झालेले व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे, आणि पैसे भरण्याआधी रिफंडच्या अटी त्याला दिसल्या होत्या याचा फोटो. नुसते 'डिलिव्हर्ड' लिहिलेले ट्रॅकिंगचे पान फारसे टिकत नाही. सगळे एका पीडीएफमध्ये, वर तारखांसकट पाच ओळींचा गोषवारा. बँकेतला माणूस तो गोषवाराच आधी वाचतो.

चार्जबॅक आल्यावर गिऱ्हाईक फोन करून "राहू दे, तुम्हीच पैसे परत करा" म्हणाले तर करू नका. चार्जबॅकमध्ये रक्कम तुमच्याकडून गेलेलीच असते, वर रिफंड दिला तर दोनदा जाईल. आधीच रिफंड दिला असेल तर त्याचा २३ आकडी एआरएन, म्हणजे कार्ड रिफंडचा संदर्भ क्रमांक, उत्तरात जोडा, केस बहुधा तिथेच मिटते. रिफंड नेहमी ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने द्या. कार्डाने आलेले पैसे गुगल पेवर परत केले तर कार्डाच्या बँकेला ते दिसणार कसे?

अजून एक. गिऱ्हाइकाच्या कार्ड स्टेटमेंटवर तुमचे नाव काय छापून येते? दुकान 'द्राक्षवेल' आणि स्टेटमेंटवर मालकाचे नाव असेल तर महिन्याच्या शेवटी 'हा कोण?' म्हणून तक्रार होते. हे नाव गेटवेकडून बदलून मिळते.

प्रश्न : ठाण्याहून परदेशातल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. टोरांटोचे पालक कार्डाने पैसे देऊ म्हणतात. कोणता मार्ग बरा?

देशी गेटवेवर परदेशी कार्ड आपोआप चालत नाही, त्याची मंजुरी वेगळी घ्यावी लागते आणि कंपनीकडे सीमापार व्यवहारांची परवानगी आहे का तेही पाहावे लागते. पेपाल एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात चालत नाही, परदेशातून पैसे घ्यायला चालते. स्ट्राइप भारतात २०२४ पासून फक्त निमंत्रितांना खाते देते, तिच्या भरवशावर साइट बांधू नका.

टक्केवारीबरोबर डॉलरचे रुपये कोणत्या दराने होतात ते विचारा. बाजारभावापेक्षा दोन-तीन टक्के खाली दर लावला तर जाहिरातीतली कमी फी तिथेच भरून निघते. दुसरे, परकी चलन आल्याचा दाखला, म्हणजे एफआयआरए, प्रत्येक जमेला मिळतो का आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का. जीएसटी नोंदणी असेल तर सेवेची निर्यात दाखवताना हा कागद लागतो, आणि एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र, दर आर्थिक वर्षाला नव्याने भरावे लागते. एखाद्या मुलाची फी पुण्यातले आजोबा भारतीय कार्डाने भरत असतील तर ती देशी जमा आहे, तिला एफआयआरए मिळणार नाही. ती वहीत वेगळी लिहा.

प्रश्न : क्रेडिट कार्डवाल्यांकडून २ टक्के जादा घेतले तर?

डेबिट कार्डावर तसे करता येत नाही, रिझर्व्ह बँकेने ते बजावले आहे. क्रेडिट कार्डाबाबत गेटवेचा करार वाचा, बहुतेक करारांत मनाई असते आणि तक्रार झाली तर खाते बंद होते. किमतीतच मुरवा.

प्रश्न : नेहमीची गिऱ्हाइके फोनवर कार्ड नंबर सांगतात, आम्ही एक्सेलमध्ये ठेवतो. चालेल ना?

नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्ड नंबर साठवता येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे कार्ड नंबराऐवजीचा सांकेतिक क्रमांक, वापरायचे. ती फाइल आजच पुसा, सीव्हीव्ही लिहिले असतील तर आधी. फोनवरच्या गिऱ्हाइकाला पेमेंट लिंक पाठवा.

प्रश्न : योगवर्गाची दरमहा फी आपोआप कापली जावी असे हवे आहे.

ई-मँडेट, म्हणजे पुढच्या कपातींची आगाऊ मंजुरी, घेता येणारा गेटवे घ्या. पहिल्यांदा गिऱ्हाईक ओटीपीने मंजुरी देते, पुढे १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम ओटीपीशिवाय जाते. कापण्याच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना जाते आणि तेव्हा तो नकार देऊ शकतो. त्यामुळे एक तारखेची फी एक तारखेला हवी असेल तर व्यवहार आधी लावून ठेवा, आणि न कापल्या गेलेल्यांना लिंक पाठवायची सोय ठेवा. काही जण दर महिन्याला गळणारच.

प्रश्न : रत्नागिरीचा हापूस. मार्चमध्ये आगाऊ बुकिंग घेतले, चार दिवसांत पाच लाख जमले आणि गेटवेने सेटलमेंट, म्हणजे आमच्या खात्यात पैसे जमा करणे, रोखले. आता बागवाल्यांना पैसे कुठून द्यायचे?

गेटवेच्या बाजूने बघा. अकरा महिने महिन्याला वीस हजार, आणि अचानक पाच लाख. त्यात पैसे मार्चमध्ये, पेट्या मेमध्ये. मधल्या दोन महिन्यांत अवकाळी पाऊस झाला, तुम्ही माल देऊ शकला नाहीत आणि गिऱ्हाइकांनी चार्जबॅक केले, तर पैसे अ‍ॅग्रिगेटरला भरावे लागतील. म्हणून तो थांबवतो किंवा काही टक्के राखून ठेवतो. करारात 'रिझर्व्ह' किंवा 'होल्ड' नावाने हे कलम असते. किती टक्के आणि किती महिने, हे सहीआधी वाचायचे.

आत्ता करायचे ते असे. सपोर्टच्या चॅटवर वेळ घालवू नका, रिस्क विभागाला लेखी पाठवा : बागेशी केलेला करार किंवा सातबारा, गेल्या हंगामाची बिले, कुरिअरशी झालेले बोलणे, आणि कोणत्या आठवड्यात किती पेट्या जाणार याचा तक्ता. पोचलेल्या पेट्यांची यादी दर आठवड्याला पाठवून तेवढी रक्कम सोडायला सांगा. उत्तर आले नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार करा, त्याचे नाव आणि पत्ता संकेतस्थळावर देणे कंपनीला बंधनकारक आहे.

पुढच्या वर्षी जानेवारीतच अपेक्षित रक्कम कळवून मर्यादा वाढवून घ्या. बुकिंगला पूर्ण रक्कम न घेता २० टक्के घ्या आणि उरलेली पेटी निघताना लिंकवर. दुसऱ्या गेटवेचे खाते उघडून त्यावर वर्षभर थोडी विक्री चालू ठेवा. नव्या कोऱ्या खात्यावर ऐन हंगामात पाच लाख टाकले तर तिथेही हेच होईल.